सिंहगडाची वाट आणि आपली पावले

(सिंहगडाच्या पावसाळी पदभ्रमणास निघणाऱ्या तरुण-तरुणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या नगराच्या उशाला डोंगर आहे, ते नगर भाग्यवान म्हटले पाहिजे. पुणेकरांच्या वाट्याला हे भाग्य भरभरून आले आहे. शहराच्या नैर्ऋत्येस पंचवीस-तीस किलोमीटरांवर, भुलेश्वराच्या रांगेवर सिंहगड उभा आहे. पहाटे स्वारगेटहून निघावे, उजाडताना पायथ्याशी पोहोचावे, गड चढून, उतरून दुपारच्या जेवणाला घरी यावे, इतका तो जवळ आहे. मात्र सहज हाती येणाऱ्या गोष्टीचे मोल मनुष्य लवकर विसरतो. म्हणून आज मी आपल्यापुढे गडाविषयी थोडे आणि गडावर जाणाऱ्या वाटेविषयी अधिक बोलणार आहे. आपण माथ्यावर जातो म्हणजे काय करतो, कोणत्या भूमीवरून जातो आणि आपल्या जाण्याने त्या भूमीचे काय होते, याचा विचार निघण्यापूर्वी झालेला बरा.

गडावर जाण्याचे दोन मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. एक घाटरस्ता, ज्याने वाहने वरपर्यंत जातात. दुसरी आतकरवाडीची पायवाट. आपण या दुसऱ्या वाटेने जाणार आहोत. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे आणि आतकरवाडीचा पायथा सुमारे ७०० मीटरांवर आहे. म्हणजे आपल्याला ६०० मीटरांच्या आसपास उंची गाठायची आहे, आणि तीही पावणेतीन किलोमीटरांच्या आतबाहेरच्या अंतरात. आकड्यांनी कल्पना येत नसेल तर असे समजा, की तीन मीटरांचा एक मजला धरला तर आपण दोनशे मजले जिन्याने चढणार आहोत. शंभर पावले पुढे गेल्यावर सरासरी बावीस पावलांइतके आपण वर गेलेलो असतो. सपाट रस्त्यावर पावणेतीन किलोमीटर चालणे आणि हे चढणे यांत काय अंतर आहे, ते पहिल्या पाव तासातच आपली छाती आपल्याला सांगेल.

परंतु या कष्टाचा मोबदलाही वाट पावलोपावली देत जाते. प्रारंभी वाडीतील घरे आणि झाडोरा मागे पडतो. मग मुरमाड चढण लागते. तेथे थांबून मागे वळून पाहिले, की खडकवासल्याच्या जलाशयाचा निळा-करडा पट्टा दिसू लागतो आणि त्यापलीकडे शहराचा पसारा. जसजसे वर जावे, तसतसा तो जलाशय रुंद होतो आणि शहर लहान होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात. पावसाळ्यात सारा उतार हिरवा होतो आणि प्रत्येक घळीतून पाण्याचा आवाज येतो. वरच्या टप्प्यात कातळ उघडा पडतो आणि शेवटी एकापाठोपाठ एक असे पुणे दरवाज्याचे तीन दरवाजे लागतात. माथ्यावरून स्वच्छ हवेत राजगड आणि तोरणा दिसतात. पायथ्यापेक्षा तेथे हवा तीन-चार अंशांनी थंड असते, आणि घामाने भिजलेल्या पाठीवर पहिला वारा लागतो तेव्हा चढणीचे सार्थक होते. हे सुख मोटारीच्या काचेआडून वर गेलेल्याला मिळत नाही. त्याला दृश्य मिळते. पण ते कमावल्याचा आनंद मिळत नाही.

आता कसे चढावे, याविषयी दोन शब्द. पुण्यात सिंहगड चढणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे, ‘किती मिनिटांत चढलास?’ नित्य सराव असणारे पाऊण तासात किंवा त्याहून कमी वेळात वर पोहोचतात. त्यांचे कौतुक अवश्य करावे. परंतु प्रथमच येणाऱ्याने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. त्याने सव्वा तास, दीड तास खुशाल घ्यावा. चालता चालता शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, हीच योग्य गतीची खूण. बोलताना धाप लागू लागली, की गती अधिक झाली असे समजावे. पाऊल लहान टाकावे, पूर्ण तळवा टेकावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. उतरताना तर अधिक जपावे. चढताना छातीची परीक्षा असते, उतरताना गुडघ्यांची. आणि घसरून पडण्याचे प्रसंग बहुधा उतरतानाच येतात, कारण तेव्हा पाय थकलेले असतात आणि मन मात्र घरी पोहोचलेले असते. कोणाच्या छातीत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबावे. अशा वेळी माघारी फिरणे हा भ्याडपणा नव्हे. गड उद्याही तेथेच असणार आहे.

मित्रहो, सिंहगडावर जाताना तानाजी मालुसऱ्यांचे स्मरण होणार नाही, असा मराठी माणूस विरळा. पण स्मरण नेमके असावे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यांत हा कोंढाणाही होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीला, तानाजीने तो परत घेतला आणि त्या युद्धात देह ठेवला. किल्लेदार उदेभान राठोडही पडला. मोहीम फत्ते केली ती सूर्याजीने व उरलेल्या मावळ्यांनी. सभासदाच्या बखरीत घोरपडीचा उल्लेख नाही. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, असे ती सांगते. यशवंती घोरपड भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तसेच तानाजीच्या बलिदानानंतरच कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु १६६३ सालच्या महाराजांच्या एका पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे. या गोष्टी सांगितल्याने तानाजीचे तेज उणे होते काय? मुळीच नाही. उलट घोरपड बाजूला केली, की कड्यावर उरतात ती फक्त माणसांची बोटे, आणि पराक्रम अधिकच उंच दिसू लागतो.

याच प्रसंगातून मला आपल्या आजच्या विषयाकडे यायचे आहे. अंधारात, माघाच्या थंडीत, आधी मोजके लोक वर गेले. मागच्यांचा जीव पुढच्यांच्या हाती होता. पुढच्याने एक दगड निष्काळजीपणे ढिला केला असता तर तो खालच्याच्या माथ्यावर आला असता आणि पहारा जागा झाला असता तो वेगळाच. डोंगरावर पुढे चालणारा मागच्याचा ऋणी असतो, हा त्यातील धडा आहे. आपण दिवसाढवळ्या, रुळलेल्या वाटेने जातो; आपल्यापुढे शत्रू नाही. तरीही हा नियम आपल्याला तितकाच लागू आहे. किंबहुना आपल्या मागून येणारे शेकडो नव्हेत, सहस्रावधी आहेत आणि त्यांतील पुष्कळसे अद्याप जन्मायचे आहेत.

सिंहगडाच्या वाटेचे आज काय होत आहे, ते पाहा. शनिवार-रविवारी, आणि पावसाळ्यातील रविवारी तर विशेषच, या वाटेवर मुंग्यांसारखी रांग लागते. वाट जेथे वळण घेऊन जाते, तेथे घाई असणारा माणूस वळण टाळून सरळ वर जातो. चार पावले वाचतात. त्याच्या मागून दुसरा जातो, मग दहावा, मग शंभरावा. गवत मरते. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती सुटी होते. पायांनी दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते वरून धावू लागते. वळणाच्या वाटेवर पाण्याचा वेग मोडतो. सरळ उतारावर तो मोडायला काहीच नसते. पहिल्या पावसाळ्यात एक रेघ उमटते, तिसऱ्यात तिची नाळ होते आणि पुढे तिचा ओढा होतो. झाडांची मुळे उघडी पडतात, मुरूम ओघळतो, दगड सुटतात. मग त्या घसरड्या जागेला वळसा घालण्यासाठी लोक बाजूच्या गवतातून जाऊ लागतात, आणि वाट रुंदावत जाते. या नाशाला कोणी दुष्ट मनुष्य लागत नाही. चांगली, सुशिक्षित, गडावर प्रेम करणारी माणसेच चार पावले वाचवण्यासाठी हे करीत असतात.

आपला सह्याद्री अग्निजन्य कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून तो घडला. पायऱ्यापायऱ्यांसारखे कडे दिसतात, ते याच थरांमुळे. या कातळाच्या फटींत पावसाचे पाणी शिरते आणि दगड सैल होतात. घाटरस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात व तो वेळोवेळी बंद ठेवावा लागतो, तो यामुळेच. अशा वेळी वनखात्याने गड बंद असल्याचे जाहीर केले, की काही उत्साही मंडळींना ते आव्हान वाटते. मित्रहो, बंदीचा फलक ओलांडणे याला साहस म्हणत नाहीत. साहस म्हणजे धोका जाणून, त्याची तयारी करून, दुसऱ्याला संकटात न घालता केलेले कर्म. आपल्या हट्टापायी खालच्या वाडीतील तरुणांना रात्री दोर घेऊन दरीत उतरावे लागत असेल, तर त्या कर्माला दुसरे नाव दिले पाहिजे.

शिवाय ही माती जाते कोठे, याचाही विचार करावा. या बाजूच्या उतारावरचे ओढे खडकवासल्याच्या जलाशयाकडे धावतात, आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या त्या धरणाचे पाणी पुणेकर आजही पितात. डोंगर सुटला, की गाळ जलाशयात जातो. १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही टिकला नाही, आणि पुणे बुडाले. त्या दिवसाची कारणे वेगळी होती. पण नगर आणि डोंगर यांच्यातील नाते पाण्याचे आहे, हे त्या दिवसाने पुण्याला कायमचे शिकविले. सिंहगडाचा उतार जपणे हे आपल्याच घागरीचे तोंड जपणे आहे.

काही जण सुचवितात की, मग सारी वाट सिमेंटने बांधून टाकावी. सूचना सद्हेतूची आहे, आणि जेथे पाय ठरत नाही, अपघात होतात, तेथे दगडी पायऱ्या हव्यातच. परंतु संपूर्ण वाट बांधून काढली, की पाण्याला वेग येतो, कडेची माती अधिक तुटते. आणि चढणीची जी शिकवण आहे तीही हरवते. याहून साधा उपाय आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वाटेवर तिरके दगड बसवून पाणी जागोजागी कडेला काढून द्यावे, फुटलेल्या आडवाटांवर काटेरी फांद्या टाकून त्या मोडाव्यात आणि दोन पावसाळे तेथे गवताला उसंत द्यावी. हे काम अर्थात वनखात्याच्या व पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीने आणि जाणत्यांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. गडावरचा एखादा दगडही आपल्या मनाने हलविण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग उद्देश कितीही चांगला असो.

या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या या राजनीतिविषयक ग्रंथात गडकोटांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गडाच्या वाटा, दरवाजे, पाण्याची टाकी, गडावरची झाडे यांचा तेथे बारकाईने विचार आहे. गडावर कोठेही केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखाली ढकलूही नये, जाळून त्याची राख परसातील भाजीपाल्याला घालावी, असा तेथे दंडक आहे. तीनशे वर्षांपूर्वी, युद्धाच्या धामधुमीत, गडावरच्या केराचा विचार करणारे राज्यकर्ते या भूमीत होते. आणि आज आपण पाण्याची रिकामी बाटली तटावरून दरीत भिरकावतो! पंतांच्या काळी केर जाळून राख होत असे. आपले प्लास्टिक जाळले तर विष होते. म्हणून आपल्यापुढे मार्ग एकच, तो म्हणजे जे वर नेले ते सारे खाली आणायचे. बाटली वर नेताना भरलेली असते, खाली आणताना रिकामी. हे ओझे कोणाला जड होईल असे मला वाटत नाही.

ओझ्यावरून आठवले. आपण एक पिशवी पाठीला लावून चढतो आणि त्याला कष्ट म्हणतो. याच वाटेने गडाखालच्या वाड्यावस्त्यांतील मायबहिणी डोक्यावर दह्याची मडकी, ताक, काकड्या, सरपण घेऊन चढत आल्या आहेत. गडावरचे मडक्यातले दही आणि पिठले-भाकरी यांची ख्याती त्यांच्या पायांवर उभी आहे. त्यांच्याशी घासाघीस करू नका. त्यांना ‘मावशी’ म्हणून हाक मारतो, तर मावशीशी वागावे तसे वागा. या डोंगराची खरी माहिती त्यांना आहे. कोणता ओढा केव्हा चढतो, कोणता दगड यंदा हलला आहे, हे त्या सांगतील. डोंगर ज्यांचे घर आहे, त्यांना विचारून डोंगरावर चालण्याची आपली जुनी रीत आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. सिंहगडावरून समोर दिसणारा राजगड त्या यादीत आहे, सिंहगड नाही. याबद्दल काहींना हळहळ वाटते. मला मात्र वाटते की, सिंहगडाला एक वेगळाच मान मिळालेला आहे. पुण्यात वाढलेल्या असंख्य मुलांनी आयुष्यातला पहिला किल्ला पाहिला तो हाच. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात येथे येऊन राहत. त्यांचा बंगला गडावर आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी १७०० साली याच गडावर देह ठेवला. त्यांची समाधी येथे आहे. तानाजींच्या स्मारकापुढे आजही रोज कोणी ना कोणी हात जोडून उभे असते. सामान्य माणसाच्या पायांना इतका परिचित असलेला दुसरा किल्ला सांगणे कठीण. पण जो मान पायांनी दिला, तो पायांनीच हिरावून घेतला जाऊ नये.

म्हणून आपल्या पदभ्रमणासाठी मी चार विनंत्या करतो. पहिली, शंभर जणांचा जमाव करून निघू नका. दहा-दहांच्या तुकड्या करा, दोन तुकड्यांत पाव तासाचे अंतर ठेवा, आणि शक्य असेल तर रविवार सोडून दुसरा दिवस निवडा. दुसरी, प्रत्येक तुकडीत सर्वांत मागे एक अनुभवी कार्यकर्ता असावा. त्याने कोणालाही आपल्या मागे राहू देऊ नये. माथ्यावर प्रथम पोहोचणाऱ्याचे अभिनंदन सारेच करतात. आपण या वेळी शेवटी पोहोचणाऱ्याचे करू. तिसरी, वळण कितीही लांब वाटले तरी वाट सोडू नका, आणि पुढचा सोडत असेल तर त्याला नम्रपणे हाक मारा. चौथी, पावसाचा जोर वाढला किंवा गड बंद असल्याची सूचना आली, तर त्या दिवशीचा बेत तत्काळ रद्द करा. त्या दिवशी खालच्या एखाद्या वाडीत बसून गडाचा इतिहास वाचला, तरी तीही गडाची सेवाच होय.

चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने या गडाला वेढा घातला, तेव्हा नागनायक या कोळी सरदाराने तो कित्येक महिने लढविला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. इतक्या शतकांत या वाटेने लढाऊ आले, राजे आले, लोकनायक आले आणि दही विकणाऱ्या माऊल्याही आल्या. प्रत्येकाने ती वाट पुढच्याच्या हाती दिली. आता ती आपल्या पायांखाली आहे. ती ओढा म्हणून पुढे द्यायची की वाट म्हणून, हा निर्णय कोणत्याही कार्यालयात होणार नाही. तो त्या वळणावर होईल, जेथे चार पावले वाचविण्याचा मोह होतो आणि कोणी पाहत नसते. तेथे आपण वळणानेच जाल, असा विश्वास व्यक्त करतो आणि आपल्या पदभ्रमणास शुभेच्छा देऊन माझे भाषण पूर्ण करतो.